व्यासपीठामागच्या फळ्या

आमच्या थिंगत्लांगचं चर्च तीनदा बांधलं. पहिलं बांबूच्या तट्ट्यांचं, वर गवत. दुसरं लाकडी, वर पत्रा. तिसरं सिमेंटचं. हे तिसरं उभं राहिलं तेव्हा बांधकाम समितीचा सेक्रेटरी मी होतो. शाळामास्तर म्हटला की गावातलं सगळं लिहिण्याचं काम त्याच्या गळ्यात पडतं. अर्पणविधीच्या पुस्तिकेत चर्चचा दोन पानी इतिहास छापला आहे, तोही माझाच. लांबी किती, रुंदी किती, कोणत्या पाळकाने कोनशिला बसवली, सगळं त्यात आहे. थुआमीच्या फळ्या तेवढ्या नाहीत. त्या मीच गाळल्या.

लाकडी चर्च बांधलं ते उंदरांच्या दुष्काळानंतर. बांबू फुलला की उंदीर मातात, आणि बांबूचं बी खाऊन संपलं की भातावर पडतात. त्या वर्षी एकेका रात्रीत डोंगरउतारावरचं सगळं पीक गेलं. लोक रानात कंद खणून खात होते आणि घरोघरी माणसं मरत होती. हरांगा लाकूड कापायचा. करवतीचं वरचं टोक त्याच्या हातात, खालचं त्याच्या भावाच्या. त्याने शिवणीचं एक झाड पाडलं आणि आठ फळ्या काढल्या. चार स्वतःसाठी, चार बायकोसाठी. बायको म्हणजे थुआमी, जेमतेम पंचविशीची. आमच्याकडे माणूस गेला की दुसऱ्या दिवशी मातीत जायलाच हवा, आणि तेवढ्या वेळात गावातली पोरं पेटी ठोकतात. घरात फळ्या तयार असल्या की मेलेल्याचे हाल होत नाहीत.

ती दोघं वाचली. वाचलेल्या गावाने नवस बोलल्यासारखं चर्च बांधायला घेतलं. सगळ्या भिंती झाल्या आणि व्यासपीठामागच्या भिंतीला लाकूड कमी पडलं. हरांगाने आठही फळ्या खांद्यावरून वाहून आणल्या. पुढच्या पावसाळ्यात त्याला ताप आला आणि चौथ्या दिवशी तो गेला. ओलं लाकूड कापायला कुणाच्या अंगात जोर नव्हता. त्याला बांबूच्या चटईत गुंडाळून पुरलं. त्यांचा मुलगा छिंगा तेव्हा आईच्या पोटात होता.

त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षं थुआमी दर रविवारी डावीकडच्या दुसऱ्या बाकावर बसायची. आम्ही पाळकाकडे बघायचो. ती पाळकाच्या मागे बघायची. लहानपणी मला वाटायचं, बाई फार भाविक आहे.

जुनं चर्च उतरवायचं ठरलं तेव्हा ती समितीच्या बैठकीला आली. बायका सहसा येत नाहीत. पाय सुजलेले, छाती भात्यासारखी वाजत होती. छिंगाची बायको रोवी तिला धरून होती. आमचे अध्यक्ष उपा कापझामा. उपा म्हणजे चर्चचा वडीलधारा, आणि कापझामा तर नोकरीत रस्ते बांधून निवृत्त झालेला, त्यामुळे त्याचा आवाज कायम दरीपलीकडच्या मजुराशी बोलत असल्यासारखा.

"पी थुआमी, बसा. काय म्हणता?" मानाच्या बाईला आमच्यात पी म्हणतात.

"माझ्या चार फळ्या द्या," ती म्हणाली. "आठ मागत नाही. माझ्या चार."

"अहो, देवाला दिलेलं परत मागतात का कुणी?"

"मागत नाही. तो आता वापरत नाहीये, म्हणून विचारते."

सगळी बैठक हसली. कापझामाही हसला. म्हातारी मात्र हसत नव्हती.

"मला त्याने कापलेल्या लाकडात झोपायचंय," ती म्हणाली. "त्याला मिळालं नाही. मला तरी मिळू दे. फार दिवस नाही थांबायला लावणार तुम्हाला."

ठराव झाला. मी लिहिला. बाकीचं सगळं जुनं लाकूड स्लॅबच्या सेंट्रिंगला, म्हणजे ओला माल तोलून धरायला, वापरायचं, चार फळ्या थुआमीला द्यायच्या. चर्च उतरवलं त्या दिवशी छिंगाने स्वतः खिळे उपटले आणि एकेक फळी डोक्यावर धरून घरी नेली. आमची घरं खांबांवर उभी असतात. त्याने फळ्या घराखाली कोरड्या जागी दोन दगडांवर ठेवल्या. वर बांबूच्या जमिनीवर आईचं अंथरूण होतं. मी गेलो की ती जमिनीवर हात थापटून दाखवायची, की आहेत हो खाली.

आमच्याकडे रान तोडून जाळतात आणि त्या राखेत भात पेरतात; स्लॅब टाकायच्या वर्षी छिंगाचं शेत उशिरा जळलं. मार्चअखेर पडलेल्या सरींनी अर्धं रान ओलं राहिलं, दोनदा पेटवावं लागलं. अर्धवट जळालेली खोडं ओढून बाजूला करायची, मग टोकण करायची, आणि ती पावसाआधी. त्यात चर्चचं श्रमदान. घरटी एक माणूस रोज, नदीवरून वाळू. कपाळाला पट्टा लावून टोपलीभर वाळू घेऊन तास-दीड तासाची चढण. छिंगाच्या घरात कर्ता माणूस एकच. रोवी आजारी सासूला सोडून जाऊ शकत नव्हती. पहाटे वाळूच्या दोन खेपा, मग शेत, मग दिवेलागणीला घर. पन्नाशीला टेकलेला माणूस, कपाळावर पट्ट्याचा वळ पडून कातडं काळं झालेलं.

"तुझं घर सोडून देऊ का श्रमदानातून?" मी त्याला विचारलं होतं. "आजारपण आहे. समितीला सांगतो."

"विधवांच्या यादीत घालणार का मला, मास्तर?" तो म्हणाला, आणि टोपली उचलून चालू लागला. मी पुन्हा विचारलं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात स्लॅब टाकायला घेतला. सगळं गाव सहा वाजताच जमलं. मोइन मिस्त्री खालच्या मैदानी मुलखातून आणलेला, हाडाचा कारागीर. एकदा माल पडायला लागला की थांबायचं नाही, मधे थांबलं तर छत तिथेच गळतं, हे त्याने आम्हाला आठवडाभर बजावलं होतं. पोरं माल कालवत होती. बायका-पुरुषांच्या दोन रांगा, घमेली हातोहात वर जात होती. गाणी चालू होती. दक्षिणेकडून आभाळ काळं होत होतं, म्हणून गाण्यांचा वेगही वाढला होता.

अकराच्या सुमाराला मिस्त्री खालून ओरडला. व्यासपीठावरच्या भागात सेंट्रिंगच्या फळ्या तडकत होत्या. जुनं लाकूड, मधे कीड लागलेलं, ओल्या मालाच्या वजनाने पोटासारखं खाली आलं होतं.

"चार फळ्या द्या! लांब, चांगल्या! आत्ता! नाहीतर सगळं खाली येईल!"

माणसं इकडेतिकडे धावली. कुणी बांबू आणला, मिस्त्रीने भिरकावून दिला. कुणी दार काढून आणलं, ते आखूड पडलं. तेवढ्यात एक जण म्हणाला, "छिंगाच्या घराखाली चार आहेत."

तो एक जण मी होतो.

सांगायला काही कुणी माझ्यावर सक्ती केली नव्हती. तोंडातून निघून गेलं. वर्गात उत्तर येणाऱ्या पोरासारखं. रांग थांबली, गाणं थांबलं, आणि सगळे छिंगाकडे बघायला लागले. त्याच्या हातात घमेलं होतं. ते त्याने शेजारच्याला दिलं. आमच्या गावात नाही म्हणायला कुणी शिकलेलंच नाही. दारात कुणी काही मागायला आलं तर आधी उठायचं आणि मग काय मागितलं ते ऐकायचं.

"उसन्या घेतोय, छिंगा," कापझामा म्हणाला. "एकवीस दिवस. स्लॅब घट्ट झाला की परत. देवाच्या कामाला."

छिंगा आणि मी धावत गेलो. रोवी दारात होती. आम्हाला घराखाली वाकताना बघून ती पायऱ्या उतरून आली.

"अहो, काय करताय?"

"चर्चला लागतायत."

"या नका काढू." तिने त्याच्या दंडाला धरलं. "माझ्या घराचा दरवाजा काढा, भिंत काढा. या नका काढू."

"भिंत तट्ट्याची आहे, रोवी. सोड."

फळ्या ओढताना दगडावर घासल्या. वरून बांबूच्या फटींतून आवाज आला.

"कोण आहे खाली?"

"मी आहे, आई."

"काय काढतोस?"

छिंगा फळीचं टोक धरून उभा राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं. खोटं बोलला असता तर मी काही म्हणालो नसतो.

"फळ्या," तो म्हणाला. "स्लॅबला कमी पडल्या. परत आणतो."

 वरून खोकला आला.

"किती दिवसांनी?"

"एकवीस, पी," मी म्हणालो.

"मास्तर आहेत का बरोबर? बरं. एकवीस ना? एकवीस दिवस बघते मग."

तडकलेल्या फळ्या ओढून काढल्या आणि त्या जागी या बसल्या. टेकू ठोकले. दुपारी दोनला स्लॅब पुरा झाला आणि अडीचला पाऊस आला. वेळेवर झालं म्हणून सगळ्यांनी पावसातच उभं राहून प्रार्थना केली.

त्यानंतर म्हातारीने जगायला घेतलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. आधी ती अन्नाला नको म्हणायची, भाताची पेज चमच्याने ओठाशी नेली तरी तोंड फिरवायची. आता मागून घ्यायला लागली. रोज सकाळी पहिला प्रश्न, "आज कितवा?" रोवी सांगायची. मग ती पेज प्यायची. गिळताना मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ व्हायच्या. गिळून झालं की दमून डोळे मिटायची.

पाऊस काही थांबेना. छिंगा पावसात टोकण करत होता. उतारावरची माती बियाण्यासकट वाहून जात होती, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच टोकत होता. संध्याकाळी परत येताना चर्चच्या खालून जायचा, टेकूंच्या जंगलात वाकून आपल्या फळ्या बघायचा. मी दोनदा बघितलं त्याला. हात लावायचा नाही, नुसता मान वर करून उभा राहायचा.

आठव्या की नवव्या दिवशी मी म्हातारीला भेटायला गेलो. तिने मला जवळ बोलावलं.

"मास्तर, तुमच्या मिस्त्रीला एक विचारा. टाकला तो दिवस धरायचा, की सोडायचा?"

मी जाऊन विचारलं. मिस्त्री म्हणाला, सोडायचा. मी परत येऊन तसं सांगितलं. मी का सांगितलं, देव जाणे. मी एक दिवस कमी सांगितला असता तर काय बिघडणार होतं?

"मी धरला होता," ती म्हणाली.  मग रोवीला म्हणाली, "पेज उरली असली तर दे गं आणखी थोडी."

सोळाव्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत सुजले. दवाखाना दिवसभराच्या वाटेवर, आणि वाटेत दरड पडलेली. आरोग्य केंद्रातली नर्स येऊन इंजेक्शन देऊन गेली, जाताना छिंगाला बाजूला घेऊन काहीतरी बोलली. सतराव्या दिवशी संध्याकाळी छिंगा मिस्त्रीच्या झोपडीवर गेला. मीही गेलो. मिस्त्री स्टोव्हवर मासे तळत होता.

"मिस्त्री, चारच फळ्या," छिंगा म्हणाला. "बाकी राहू दे. चार काढता येतील का?"

"दादा, मधला गाळा अठरा फुटांचा आहे. तुमच्या फळ्या बरोबर मधे. पावसात सिमेंट धरायला वेळ लागतो."

"उद्या?"

"एकवीस."

"परवा?"

मिस्त्रीने स्टोव्ह बारीक केला. तो वाईट माणूस नव्हता. "माझी पण आई आहे, दादा," तो म्हणाला. "पण छत पडलं तर खाली कोण असेल, ते मला नाही माहीत, तुम्हाला नाही माहीत."

छिंगाने मान हलवली. मिस्त्रीने आम्हाला मासे खायला बसवलं. छिंगाने एक तुकडा खाल्ला, कारण नाही म्हणता येत नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी रोवी पेज घेऊन गेली तेव्हा थुआमीने विचारलं, "आज कितवा?" रोवी म्हणाली, "एकोणीस." म्हातारीने ओठ हलवले. रोवीला वाटलं, पेज मागतेय. तिने चमचा पुढे केला तर पेज तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर आली.

गावात दवंडी गेली. पोरं हातोड्या, करवती घेऊन आली. पोरांच्या म्होरक्याने विचारलं, "फळ्या कुठे आहेत?"  मग सगळे मिळून चर्चकडे निघाले, पावसातच. चाळीसएक माणसं टेकूंच्या भोवती उभी राहिली. मिस्त्री टेकूंच्या पुढे हात पसरून उभा.

"काढायच्या तर काढा. मी गावाला जातो. मग पडलं तर मला बोलवू नका."

"दोनच दिवस राहिलेत की," एक पोरगा म्हणाला. "दोन दिवसांनी काय फरक पडतो?"

"पडला तर तुझ्या डोक्यावर पडेल."

वाद वाढला. कुणी म्हणालं, बांबूचे जादा टेकू लावू. कुणी म्हणालं, म्हातारीला दोन दिवस ठेवू.  तशा दमट हवेत ते शक्य नव्हतं, आणि तसं आमच्यात करतही नाहीत. मग कापझामाने हात वर केला.

"छिंगा, तुझी आई आहे. तू सांग. काढा म्हणालास तर काढू. कुणी तुला शब्दाने बोलणार नाही."

याहून क्रूर काही असेल तर मला ठाऊक नाही, आणि कापझामाला ते खरोखर मोठ्या मनाचं वाटत होतं. चाळीस माणसांची अडीच वर्षांची वाळू त्या छतात होती. छिंगाच्या कपाळावरचा वळसुद्धा. तो वर बघत उभा राहिला. पावसाचं पाणी नाकावरून ओघळत होतं, ते त्याने पुसलं नाही.

"राहू दे," तो म्हणाला.

कापझामा घरी गेला आणि त्याने स्वतःसाठी जपून ठेवलेल्या सागाच्या फळ्या काढून दिल्या. रंधा मारलेल्या, तेल लावलेल्या. गाव गहिवरलं. कापझामा उंच माणूस, त्यामुळे फळ्या दीड हात लांब झाल्या. पोरांनी कापल्या आणि कापलेले तुकडे कापझामाच्या घरी नेऊन दिले. पेटी अशी झाली की आमच्या गावात तशी आजवर कुणाला मिळाली नव्हती. बायका रोवीला सांगत होत्या, नशीबवान गं सासू तुझी, सागात गेली.

"सागासाठी नव्हती ती थांबली," रोवी म्हणाली.

एक बाई म्हणाली, "दुःखात आहे बिचारी," आणि तिला पाणी दिलं.

एकविसाव्या दिवशी सेंट्रिंग उतरवलं. छत पडलं नाही. पडलं असतं असं मला त्या दिवशी तरी वाटलं नाही, पण ते आता कोण सांगणार? थुआमीच्या दोन फळ्या पहारीने उचकटताना चिरल्या, दोन अखंड आल्या. सिमेंटने पांढऱ्या झालेल्या. कापझामा म्हणाला, "छिंगा, घे तुझ्या. मोकळ्या झाल्या."

त्याने घेतल्या आणि भिंतीला टेकवून ठेवल्या. घरी नेऊन काय करायचं होतं? दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने परांचीला दोन अखंड फळ्या विचारल्या, त्या त्याने दिल्या.

मग छिंगाला ते दिसलं. छत ओलं असताना फळ्यांचे ठसे त्यात उमटले होते. सगळीकडेच उमटले होते, पण किडक्या फळ्यांचे नुसते खड्डे. व्यासपीठाच्या बरोबर वर, चार फळ्यांच्या रुंदीत, शिवणीच्या रेषा आल्या होत्या. आडव्या पसरलेल्या, एका गाठीला वळसा घालून गेलेल्या. करवतीचे दातसुद्धा. हरांगाची करवत वर-खाली झालेली एकेक रेघ मोजता येत होती. छिंगाने बापाला कधी बघितलेलं नव्हतं. तो खाली उभा राहून मान मोडेपर्यंत बघत राहिला.

बैठकीत तो आला. समितीकडे पहिल्यांदाच त्याने काहीतरी मागितलं.

"तेवढा भाग तसाच राहू द्या," तो म्हणाला. "गिलावा नको. चार फळ्यांपुरतं."

 कापझामा म्हणाला, "व्यासपीठाच्या डोक्यावर ठिगळ दिसेल रे. अर्पणविधीला बाहेरचे पाळक येणार. आणि एकाची आठवण ठेवली तर दुसऱ्याची का नाही? सगळ्यांनीच दिलंय काही ना काही."

हे खरंच होतं. सगळ्यांनीच दिलं होतं. हात वर करायला सांगितले. मी सेक्रेटरी, मला मत होतं. माझ्या डाव्या-उजव्या दोघांनी गिलाव्याच्या बाजूने हात वर केले. मग मीही केला.

छिंगा म्हणाला, "बरं." उठताना त्याने सगळ्यांना नमस्कार केला.

गिलाव्याच्या दिवशी श्रमदानाची पाळी त्याच्याच घराची आली. पाळ्या मीच लावत होतो, पण ही मुद्दाम लावलेली नव्हती, यादीत तशी आली. बदलली असती तर बदलता आली असती. तो वेळेवर आला. वाळू चाळली, सिमेंट कालवलं, घमेलं भरून वर दिलं. मिस्त्री त्या दोन शिवणीच्या फळ्यांवर उभा राहून थापी मारत होता. बाजूने सुरुवात करून तो व्यासपीठाच्या वर आला तेव्हा क्षणभर थांबला आणि खाली छिंगाकडे बघितलं. छिंगा घमेलं भरत होता. मिस्त्रीने पहिला हात मारला. ओल्या गिलाव्यातून रेषा अजून दिसत होत्या, अंधुक. मिस्त्रीने मुद्दाम पातळ मारलं असावं असं मला वाटलं.

छिंगाने वर बघितलं. भरलेलं घमेलं दोन्ही हातांनी उंच धरलं.

"पातळ नको, मिस्त्री," तो म्हणाला. "दिसतंय अजून. आणखी एक हात मार."